परीक्षकाचे मानधन

लेखकाने मानधन देऊन लिहून घेतलेल्या परीक्षणाला आपण समीक्षा म्हणत नाही. मग मुळशी-वेल्ह्याच्या मोसे खोऱ्यात लवासासारखे नगर वसताना, पर्यावरणावरील आघाताचा अहवाल प्रकल्पवाल्याने नेमलेल्या सल्लागाराचा कसा चालतो? २००६च्या केंद्रीय अधिसूचनेखाली रूढ झालेली पद्धत हीच आहे.

सरकारी पैसा हा त्यावरचा उतारा वाटतो. पण सरकारही निर्हेतुक नसते. भोर-वेल्ह्याच्या डोंगरांसह अवघ्या पश्चिम घाटाचा अभ्यास करणाऱ्या माधव गाडगीळ समितीने ऑगस्ट २०११मध्ये केंद्राला अहवाल दिला. तो लोकांसमोर आला मे २०१२मध्ये, तोही माहिती अधिकाराची लढाई झाल्यावर.

म्हणून हितसंबंध जाहीर करण्याचा नियम संशोधकापुरता ठेवून भागणार नाही. पैसे देणाऱ्याला निष्कर्ष दडवण्याचा अधिकार नसावा. ज्यांच्या डोंगराविषयी अहवाल आहे, त्यांच्या ग्रामसभेत तो मराठीत वाचला जावा.