मैलापाण्याचा विटाळ

परवा सोसायटीच्या सभेत एका गृहस्थांनी जाहीर केलं, "मैलापाणी कितीही शुद्ध करा, ते मैलापाणीच. त्यावरची भाजी माझ्या घरात येणार नाही!" टाळ्या पडल्या. विषय खरं तर लिफ्टच्या दुरुस्तीचा होता. रोगराई होते, जमीन नासते, कारखान्यांचं विष पोटात जातं आणि मुख्य म्हणजे हे आपल्या संस्कृतीत बसत नाही, असे त्यांचे मुद्दे.

संस्कृतीचं आधी उरकतो. माणसाच्या विष्ठेच्या खताला मराठीत 'सोनखत' म्हणतात. हा शब्द कुण्या परदेशी सल्लागाराने आणलेला नाही. संडास जोडलेल्या गोबरगॅसवर केलेला चहा बाटतो, हा वादही आम्ही एकेकाळी तावातावाने घातलाय. चहा गोडच लागत होता.

माझा राग आहे तो 'माझ्या घरात येणार नाही' या वाक्यावर. अहो, ती भाजी कधीच आलीय! पुण्यात मुंढव्याच्या पुढे मुळा-मुठेच्या काठी एकदा उभे राहा. पाण्यावर साबणासारखा फेस, काठाला हिरवीगार जलपर्णी आणि तिच्यातच बुडवलेला मोटारीचा पाइप. वर मेथी-पालकाचे वाफे. या पाण्याला आपण 'नदी' म्हणतो, म्हणून ते चालतं. तेच शुद्धीकरण केंद्रातून गाळून, जंतू मारून, तपासून कालव्यात सोडलं की लगेच विटाळ! पुढे मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते, उजनीखाली पंढरपुरात तिचीच चंद्रभागा होते आणि तिथे आपण हात जोडून तीर्थ घेतो. ती जलपर्णी तरी कशावर पोसते? शहराच्या मैल्यातल्या नत्र-स्फुरदावर. म्हणजे जे खत वांग्याला द्यायचं, ते आपण जलपर्णीला फुकट घालतो आणि मग ती काढायला निविदा काढतो. गृहस्थ याला बहुधा संस्कृतिरक्षण म्हणत असावेत. सभा संपल्यावर त्यांनीच गेटवरच्या गाडीवरून पालकाच्या दोन जुड्या घेतल्या. पाणी कुठलं, ते विचारलं नाही.

रोगराई? 1970 साली जेरुसलेममध्ये पटकी पसरली, हे त्यांनी बरोबर सांगितलं. तिथे भाज्यांना कच्चं मैलापाणी दिलं जात होतं, एवढंच सांगायचं राहिलं. कारखान्यांच्या विषाचा मुद्दा मात्र मान्य. ते पाणी मैलापाण्यात मिसळूच देऊ नये.

मग करायचं काय? मुंढव्याच्या जॅकवेलमधून शुद्ध केलेलं पाणी जुन्या बेबी कालव्यात उचलून द्यायचं, वर्षाला 6.5 टीएमसी, अशी योजना आहेच. ती इमानाने चालवा. कच्च्या खायच्या पिकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 1989 मध्येच माप घालून दिलं होतं: लिटरमागे कृमीचं एकाहून जास्त अंडं नको, 100 मिलिलिटरमध्ये विष्ठेतले जिवाणू हजारावर नकोत. सुरुवात वांगी, भेंडी, शेवगा अशा शिजवून खायच्या भाज्यांपासून करा. पाणी ठिबकने मुळाशी द्या, पानांवर उडवू नका आणि तोडणीआधी काही दिवस बंद ठेवा. शिवाय हिशेब बघा. लिटरला 20 मिलिग्रॅम नत्र धरलं आणि एकराला हंगामात 20 लाख लिटर पाणी दिलं, तर 40 किलो नत्र शेतात आपसूक जातं. म्हणजे युरियाच्या जवळपास दोन गोण्या. कोथिंबिरीला एवढं सोसेल का, हे तिथल्या शेतकऱ्याला विचारा, मला नको.

गृहस्थांना विनंती एवढीच, की टाळ्या झाल्या असतील तर आपल्या भागातल्या मैलापाणी केंद्राचा या महिन्याचा तपासणी अहवाल मागा. अर्ज मी लिहून देतो, सही तुमची.