१४४ पैकी ७१

वीस वर्षं बातमीदारी करतोय. लोकांना वाटतं, पत्रकार म्हणजे बोलका माणूस. पण चार लोकांत उभं राहून प्रश्न विचारायची वेळ आली की माझ्या घशाला कोरड पडते. कित्येकदा चिठ्ठीवर प्रश्न लिहून शेजारच्या सहकाऱ्याकडे सरकवलाय.

मागे एका टंचाई बैठकीत टँकरच्या फेऱ्यांचा हिशेब विचारायचा होता. आकडे माझ्या हातात होते, पण शेजारी ओळखीचं कुणी नव्हतं. बैठक संपली, प्रश्न खिशातच राहिला. त्या दिवशी कळलं, 'माझा स्वभावच लाजाळू' म्हणून हे सोडून देता येणार नाही. यात गावाचंही नुकसान आहे.

रात्री मोबाईलवर लिबोविट्झ चाचणी भरली. मायकेल लिबोविट्झ या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाची, १९८७ सालची. यात २४ प्रसंग आहेत. चारचौघांत फोनवर बोलणं, लोकांसमोर खाणं, अधिकाऱ्याशी बोलणं, घेतलेली वस्तू दुकानात परत करणं, असे. प्रत्येकापुढे दोन रकाने : भीती किती वाटते आणि टाळता किती. ० ते ३ गुण. सगळे मिळून १४४.

माझे ७१ आले. भीतीचे २९, टाळण्याचे ४२.

त्या दुसऱ्या रकान्याने झोप उडवली. मला भीती कमी वाटते, कारण भीती वाटेल तिथे मी जातच नाही! रविवारी अख्खं नाशिक मिसळीला बाहेर पडतं, मी पार्सल आणतो. बायको म्हणते, 'तुम्हाला गर्दी आवडत नाही.' मीही तेच सांगत आलो.

आता आकडा आला म्हणजे आजार ठरला का? नाही. थर्मामीटर ताप १०२ दाखवतो, मलेरिया की टायफॉईड ते डॉक्टर सांगतो. शिवाय हे प्रश्न तिकडचे आहेत. त्यात घरी पार्टी देणं आहे. मुलगी बघायचा कार्यक्रम नाही, ग्रामसभा नाही, लग्नातलं 'सध्या काय करतोस रे?' नाही. त्यामुळे आकडा कमी आला तरी तुमचा त्रास खोटा ठरत नाही.

खरा मुद्दा पुढचा आहे. आकडा घेऊन जायचं कुठे? २०२२ पासून टेलि-मानसची १४४१६ ही मोफत सेवा आहे, चोवीस तास. चांगलीच आहे, नंबर जपून ठेवा. पण ज्याला फोनचीच धास्ती, त्याने काय करायचं? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी उपचारांचा हक्क प्रत्येकाला दिलाय. आरोग्य विद्यापीठाचं मुख्यालय आपल्या नाशकात आहे. मग माझी मागणी साधी आहे : प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात समुपदेशक कोणत्या वारी, किती वाजता भेटेल, हे दारावरच्या फळ्यावर मराठीत लिहा. बिचकणाऱ्या माणसाला चौकशी खिडकीवर 'मनाचे डॉक्टर कुठे बसतात?' असं विचारायला लावू नका. तो तिथूनच माघारी फिरतो.

आणि शिक्षकांनो, वर्गात कधीच हात वर न करणारं पोर 'शांत, गुणी' म्हणून सोडून देऊ नका. मीही तसाच गुणी होतो.

मी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. पुढच्या टंचाई बैठकीत टँकरचा प्रश्न मीच विचारणार. आवाज कापला तर कापू दे.