माफ झालेले कर्ज वहीत जिवंत



करमाडच्या मागच्या बैठकीत कापसाच्या भावावर बोलणे चालू होते. मध्येच एक शेतकरी उठला. म्हणाला, "भाव मिळंल तवा मिळंल, आधी पेरायला पैसा कुठून आणू? बँक म्हणते तुमचं सिबिल खराब आहे." २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत त्याचे राष्ट्रीयीकृत बँकेतले पीककर्ज माफ झाले. अंगठा देऊन घेतलेली आधार प्रमाणीकरणाची पावती त्याने ट्रंकेत जपून ठेवली आहे. सरकारच्या यादीत तो कर्जमुक्त, सिबिलच्या वहीत आजही थकबाकीदार. मृगाच्या तोंडावर बँकेने दार लावले की सावकाराचे दार उघडेच असते.

हे दुखणे जुने आहे. केंद्राच्या २००८ च्या कर्जमाफीची महालेखापालांनी तपासणी केली, तो अहवाल २०१३ साली संसदेपुढे आला. तपासलेल्या ६१,७९३ खात्यांपैकी २१,१८२ खात्यांत शेतकऱ्याला माफीचा दाखला दिल्याचा पुरावाच सापडला नाही. शंभरात चौतीस! माफीच्या जाहिराती मात्र घरोघर पोचल्या होत्या.

मे २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी बँकांना बजावले, पीककर्जाला सिबिल मागाल तर गुन्हे दाखल करू. ऐकायला बरे वाटले. पण मॅनेजर नकार देतो तो तोंडी. तोंडी नकारावर गुन्हा कशाचा नोंदवणार? म्हणून कर्जाचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या आणि नकाराचे कारण लेखी मागा.

१८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखते काढून होळी केली. चार वर्षांनी इंग्रज सरकारला कायदा करावा लागला. सावकाराकडून पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क त्यातून कुणब्याला मिळाला. (आपला मराठवाडा तेव्हा निजामाकडे, इकडे तेही नाही.) आजची वही संगणकात आहे, तिची होळी होत नाही. पण २००५ च्या कायद्याने ती पाहण्याचा आणि चूक दुरुस्त करून घेण्याचा हक्क दिला आहे. तो वापरणारे किती?

अशा वह्या ठेवणाऱ्या कंपन्या चार आहेत: सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा आहे. पोराला मोबाईलवर काढायला सांगा आणि एकेक ओळ वाचा. माफ झालेले खाते थकीत दिसते का? फेडलेले कर्ज चालूच आहे का? सारख्या नावाच्या दुसऱ्याचा ट्रॅक्टर आपल्या नावावर चढला आहे का? आपण कुणाला जामीन आहोत, तेही तिथे दिसते.

चूक सापडली तर तक्रार दोन्हीकडे करा, कंपनीकडे आणि बँकेकडे. बँकेने होकार दिल्याशिवाय कंपनी अक्षर बदलत नाही, आणि बँक म्हणते आमच्या हातात नाही. या टोलवाटोलवीवर रिझर्व्ह बँकेने २०२३ साली नियम केला, तो एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तक्रारीपासून ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. बँकेने २१ दिवसांत दुरुस्ती कळवली नाही तर ती बँकेने द्यायची, कळवूनही काम अडले तर कंपनीने. नुसते बोलून आलेल्याचे दिवस कोण मोजणार? तारीख असलेली पोच हवी. एवढ्यावरही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, फी नाही.

एक कडू गोष्टही सांगतो. थकबाकी खरी असेल तर नोंद पुसली जात नाही. बँकेशी तडजोड करून थोडी रक्कम भरली असेल तर 'सेटल्ड' हा शेरा राहतो, त्याला चूक म्हणता येत नाही. पाच-दहा हजार घेऊन 'सिबिल साफ करून देतो' म्हणणारे तालुक्याच्या गावी फिरतात, त्यांना दारात उभे करू नका.

पुढच्या बैठकीला येताना माफीची पावती, बेबाकी दाखला, खातेउतारा आणि आधार घेऊन या. अर्ज तिथेच बसून लिहू.