पोपट का ओरडतो?



पिंजऱ्यातला पोपट दिवसभर किंचाळतो, अशी तक्रार पुष्कळ घरांतून ऐकू येते. ज्वारीच्या कणसांवर उतरणारा थवा आठवा. एकाने साद घातली की दुसरा उत्तर देतो. पिंजऱ्यातल्या पोपटाला घरची माणसे हाच थवा. ती शेतावर गेली की तो साद घालतो. ओरडल्यावर कोणी धावून आले, अगदी रागवायला आले तरी, ‘ओरडले की माणूस येते’ एवढेच तो शिकतो.

म्हणून ओरडत असताना जवळ जाऊ नये, पिंजऱ्यावर काठी आपटू नये. गप्प झाला की लगेच बोलावे, पेरूची फोड द्यावी. हा नियम घरातल्या सर्वांनी पाळावा. एकाने मोडला तरी ओरडणे वाढते. सकाळ-संध्याकाळचा थोडा कलकलाट हा जातीचा स्वभावच आहे. मात्र खाणे सोडून, पिसे फुगवून बसला तर पशुवैद्यांना दाखवावे.

ही रीत कॉकाटेलसारख्या परदेशी पक्ष्यासाठी. आपला हिरवा राघू पकडणे, विकणे वा पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. घरात असल्यास तो एकदम उडवून देऊ नये. पिंजऱ्यात वाढलेल्याला चारा शोधता येत नाही. तो मांजराच्या तोंडी जातो. जवळच्या वनविभागाच्या कार्यालयात द्यावा. आणि झाडाच्या ढोलीतून पिल्लू काढून आणू नये, हे मुलांनाही समजावून सांगावे.