विश्लेषण : एचपी मोठे की ओढ मोठी? ट्रक, ट्रॅक्टर आणि मुरुडच्या बोटींचा हिशेब

टाटा की लेलँड? ट्रकचे इंजिन भारी की ट्रॅक्टरचे? मुरुड, एकदरा, आगरदांड्याच्या जेटीवर मासळीची गाडी भरेपर्यंत हा वाद चहाबरोबर रंगतो. ट्रकचालक टाटाची बाजू घेतो, तांडेल लेलँडची. ट्रॅक्टरवाला दोघांनाही ऐकवतो, ‘वाळूत रुतलात की हाक मलाच मारता ना?’ वाद गमतीचा आहे. पण बोटीत नवे इंजिन बसवायची वेळ येते तेव्हा याच गप्पांवर लाखो रुपयांचा निर्णय ठरतो. आणि तो बहुतेक वेळा एकाच आकड्यावर अडतो, तो म्हणजे अश्वशक्ती, अर्थात ‘एचपी’.

ट्रॅक्टर गाडीला ओढतो तो कसा?

काशीद-मुरुडच्या किनाऱ्यावर पर्यटकाची गाडी ओल्या वाळूत बसली की ट्रॅक्टर बोलावला जातो. गाडी ९० एचपीची, ट्रॅक्टर ५० एचपीचा. तरी ओढणारा ट्रॅक्टरच. कारण एचपी सांगते काम किती झपाट्याने होते ते. चाक फिरवणारा जोर म्हणजे टॉर्क, चालकांच्या भाषेत ‘ओढ’. घट्ट बसलेला नट सुटत नसेल तर मिस्त्री पान्याला लांब पाइप लावतो, तसाच हा प्रकार आहे. हात तोच, पण नटावर पडणारा पीळ वाढतो.

हिशेब सोपा आहे. टॉर्कला इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून साधारण ७,०२४ ने भागले की एचपी मिळते. ५० एचपीचा ट्रॅक्टर २,००० फेऱ्यांवर ही शक्ती देत असेल, तर त्याचा टॉर्क सुमारे १७५ न्यूटन-मीटर. ९० एचपीची पेट्रोल कार ६,००० फेऱ्यांवर तिची शक्ती देते, म्हणजे तिथे टॉर्क सुमारे १०५. त्यात ट्रॅक्टरचा कमी वेगाचा गिअर, दोन टनांच्या आसपासचे वजन आणि मोठी मागची चाके. ट्रॅक्टरवाल्याची फुशारकी गणितात बसते.

टाटा-लेलँड वाद कुठून आला?

१९५४ मध्ये टाटांनी जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून ट्रक बांधायला सुरुवात केली. ‘६९७’ हे जुन्या चालकांच्या तोंडी असलेले इंजिन त्याच घराण्यातले. सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर, म्हणून हा आकडा. दुसरीकडे १९४८ च्या अशोक मोटर्सचे १९५५ मध्ये ब्रिटनच्या लेलँडच्या साथीने अशोक लेलँड झाले. घाटात कोण सरस, यावर निकाल लागलेला नाही आणि लागायची गरजही नाही. बोटींच्या बाबतीत मात्र लेलँडच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाने किनाऱ्यावर चांगले बस्तान बसवले. कोळीवाड्यात बोटही सिलिंडरवर ओळखली जाते. दोन सिलिंडरची, सहा सिलिंडरची, अशी. (राजपुरीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या शिडाच्या होड्या या सगळ्या भानगडीतून सुटल्या आहेत.)

बोटीला किती एचपी पुरे?

ट्रकचे इंजिन बोटीत जाते तेव्हा रेडिएटरच्या जागी समुद्राच्या पाण्याने थंड होणारी यंत्रणा येते आणि फेरे कमी करून पंख्याला देणारा वेगळा गिअर बसतो. पण खरा फरक कामाच्या पद्धतीत आहे. ट्रक चढावर जोर लावतो, उतारावर श्वास घेतो. बोटीला उतार नसतो. जाळे ओढताना इंजिन तासन्‌तास एकाच भाराखाली चालते. त्यामुळे जाहिरातीतल्या कमाल एचपीपेक्षा ‘सलग चालण्यासाठी किती एचपी, किती फेऱ्यांवर’ हा आकडा महत्त्वाचा. दुकानात तो क्वचितच विचारला जातो.

दुसरी गोष्ट पाण्याची. संथ, जड बोटीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. पाण्यात ४५ फूट लांबी असलेल्या बोटीची मर्यादा साधारण ९ नॉट, म्हणजे ताशी १६-१७ किलोमीटर. त्यापुढे बोट स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला लागते. तिथे जादा एचपी ओतले तर वेग जेमतेम वाढतो, टाकी मात्र भराभर रिकामी होते.

पंख्याचा नियम तर आणखी कठोर आहे. त्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाने वाढते. फेरे १० टक्के कमी केले तर वेग साधारण तेवढाच उतरतो, पण लागणारी शक्ती २७ टक्क्यांनी घटते. जास्त लागलेला वेळ धरला तरी तेवढ्याच अंतराला डिझेल सुमारे १९ टक्के कमी जळते. कागदावरचा हा आकडा लाटा आणि वाऱ्याने खाली-वर होईल, दिशा बदलणार नाही.

मग मोठे इंजिन का घेतले जाते?

याला नुसती हौस म्हणणे अन्यायाचे ठरेल. जवळच्या पाण्यात मासळी कमी झाली, म्हणून दूर जावे लागते. परराज्यांतील वेगवान ट्रॉलर आणि एलईडी दिव्यांच्या बोटींशी स्पर्धा आहे. आणि एकाच इंजिनावर दूर गेलेल्या बोटीला हाताशी थोडी राखीव ताकद हवीच. ट्रक बंद पडला तर रस्त्याच्या कडेला थांबतो. बोट बंद पडली तर वाहत जाते. याच कारणाने जेटीवर पान्याने उघडता येणारा साधा यांत्रिक पंप अनेकांना अजून भरवशाचा वाटतो. १ एप्रिल २०२० पासून ‘बीएस-६’ आलेल्या नव्या ट्रकला स्कॅनर लागतो. रस्त्यावरच्या वाहनांचा तो नियम बोटींना लागू नाही.

पण शर्यतीची किंमत मच्छीमारच मोजतो. मार्च २०२२ मध्ये घाऊक ग्राहकांचे डिझेल लिटरला सुमारे २५ रुपयांनी महागले, तेव्हा मच्छीमार संस्थांचे पंपही त्यात अडकले. डिझेलवरील मूल्यवर्धित कराचा परतावा थकल्याच्या बातम्या तर नेहमीच्या. परतावा वेळेवर मिळायलाच हवा. मात्र सगळी चर्चा कोटा आणि लिटर यांपाशीच थांबते. ते लिटर कशात जळतात, इंजिनाला पंखा जुळतो का, हे तपासायला सरकारी यंत्रणेतून कुणी जेटीवर येत नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने २०१६ मध्ये ‘सागर हरिता’ ही कमी इंधनाची बोट उतरवली, तिचे इंजिन बरोबरीच्या बोटींपेक्षा लहान होते. म्हणजे ज्ञान देशात आहे. ते एकदऱ्यापर्यंत आणण्यासाठी तालुक्याला एक प्रशिक्षित फिटर आणि डिझेल मोजण्याचे मीटर एवढे तरी परताव्याच्या योजनेला जोडायला हरकत नसावी.

१ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात बोटी किनाऱ्यावर असतात, इंजिने उतरवून खोलली जातात. पंख्याचे माप घ्यायचे, तर तो पाण्याबाहेर असतो तो हाच काळ.