गॅलरीतलं माथेरान

बोरिवलीच्या वन बीएचकेत गार्डन रेल्वे? बायको हसलीच! पण पाऊस-ऊन खाणारी आमची उघडी गॅलरी दहा बाय चार आहे. मॉडेल अर्थात माथेरानचं. १९०७ च्या त्या लाइनीच्या रुळांत अंतर दोन फूट. एकास एकोणीस स्केलला ३२ मिलिमीटर. चढ वीस फुटांत एक फूट, म्हणजे आमच्याकडे जेमतेम सहा इंच, एका कुंडीएवढा. घाम काढला तो वळणांनी. चार फुटांत गोल फिरवणं जमेना, मग नेरळ ते जुम्मापट्टी नुसतं जा-ये ठरवलं. खडीखाली पाण्याला वाट ठेवलीय; २००५ च्या पावसाने खरी लाइन २००७ पर्यंत बंद पाडली होती. आईची तुळस मात्र हलणार नाही म्हणे. तिच्या स्टँडखालून बोगदा काढतोय.