मनाची जुनी पायवाट

उसाच्या मळ्यातून माणसे रोज एकाच जागेवरून गेली की तेथे पायवाट पडते. पुढे जवळूनच चांगला रस्ता झाला, तरी पाय आपसूक जुन्या वाटेकडे वळतात. मनाचेही असेच आहे. आपण विचारपूर्वक वागतो, असे मनुष्य समजतो. वस्तुतः त्याचे पुष्कळसे वागणे पूर्वी पडलेल्या वाटेनेच चाललेले असते.

मॉरिशसमधील एका गृहस्थाचे उदाहरण घ्यावे. तसे गृहस्थ अनेक घरांत आढळतील. नोकरी चांगली, घर स्वतःचे, मुले शिकलेली. परंतु घरात कोणी दोन दिवस आजारी पडले की त्यांचा जीव कासावीस होतो. मुलगा तापाने फणफणलेला असताना ‘कसे वाटते?’ असे न विचारता ‘कामावर कधी जाणार?’ हाच प्रश्न त्यांच्या तोंडून प्रथम बाहेर पडतो. मुलगा दुखावतो, अबोला धरतो. गृहस्थांना मागाहून पश्चात्ताप होतो, पुन्हा असे बोलायचे नाही असा निश्चय होतो, आणि पुढच्या आजारपणात तो निश्चय टिकत नाही. त्यांच्या वडिलांनी त्यांना हेच विचारलेले असते, आणि आजोबांनी वडिलांना.

हा प्रश्न आला कोठून? कराराने आलेला मजूर परवानगीवाचून एक दिवस कामावर गेला नाही, तर त्याची दोन दिवसांची मजुरी कापली जात असे. कारण खरे असले तरी ते मानले जाईलच, याचा भरवसा नसे. अशा काळी अंथरुणावर पडून राहणे म्हणजे चूल थंड ठेवणे होते. जो बाप मुलाला उठवून कामावर धाडी, तो निर्दय नव्हता. तो घर राखीत होता. तेव्हाचे ते शहाणपणच होते. पुढे करार संपले, मजुरी कापणारा हात राहिला नाही. भीती मात्र आपले कारण विसरून घरातच राहिली. कारण विसरलेल्या भीतीलाच मनुष्य ‘माझा स्वभाव’ म्हणू लागतो.

अशा भीतीतून सुटण्यास नुसता निश्चय पुरत नाही. पाहण्याची जागा बदलावी लागते. याचा मोठा दाखला याच बेटाच्या इतिहासात आहे. १८६७ च्या कायद्याने करार पुरा केलेल्या मजुरांनाही छायाचित्र लावलेला परवाना सतत जवळ बाळगावा लागे. तो दाखविता आला नाही, तर पकडले जाण्याचे भय असे. हे आपले नशीब, असे मानून सोसणे सोपे होते. १८७१ मध्ये आडोल्फ द प्लेविट्स यांच्या साहाय्याने ९,४०१ जुन्या मजुरांनी सरकारकडे अर्ज केला. एकेकट्याचे दुःख एकाच कागदावर आले, तेव्हा ते नशीब नसून नियम आहे, आणि मनुष्याने केलेला नियम मनुष्याला बदलता येतो, हे स्पष्ट झाले. पुढच्या वर्षी चौकशीसाठी शाही आयोग नेमला गेला. १८७८ मध्ये नवा मजूर कायदा झाला. हाल एका दिवसात संपले नाहीत, तथापि त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी पालटली होती.

जे समाजाने केले, ते एकट्या मनुष्यालाही साधते. समर्थ रामदासांनी मनाच्या श्लोकांत मनालाच समोर बसवून उपदेश केला आहे. जो मनाला उद्देशून बोलतो, तो तेवढ्या क्षणापुरता मनाहून निराळा होतो. ईथन क्रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतही असेच आढळले की, कसोटीच्या प्रसंगी स्वतःशी बोलताना ‘मी’ न म्हणता आपले नाव घेणाऱ्यांची घालमेल कमी होते.

तेव्हा त्या गृहस्थांनी, जुना प्रश्न ओठांवर येताच, क्षणभर थांबून स्वतःला नावाने हाक मारावी आणि विचारावे, ‘ही भीती कोणाची?’ उत्तर येईल, ‘आजोबांची. त्यांना तिचा उपयोग झाला. आज तिचे काम उरलेले नाही.’ मग हात आपोआप मुलाच्या कपाळाकडे जाईल. एखाद्या वेळी चूक होईल, जुने शब्द निसटतील; म्हणून निराश होण्याचे कारण नाही. पायवाटेवर गवत एका दिवसात उगवत नाही.

यात पूर्वजांचा अनादर मुळीच नाही. त्यांचे कष्टाळूपण, काटकसर आणि सायंकाळच्या बैठकांतून जपलेली भाषा, हाही त्यांचाच वारसा. तो डोळसपणे पुढे न्यावा. परंतु जे ओझे त्यांनी नाइलाजाने उचलले, ते मुलांच्या डोक्यावर ठेवणे त्यांनाही आवडले नसते. मुलांना विसावा मिळावा, एवढ्याचसाठी तर ते इतके राबले.